कायशुद्धी

“आई, खरं सांग. कुठं खातेस?”

भरतेश माझ्यासमोर उकिडवा बसला होता. मी नुकतीच बस्तीतून, म्हणजे आमच्या गावच्या जैन मंदिरातून, परत आले होते आणि अक्षतांची डबी अजून हातातच होती. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी विचारलं, काय खाते म्हणतोस? तर म्हणाला, गोड. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी नऊ पॉइंट सहा आली होती. त्याआधीची नऊ पॉइंट एक होती. गोळ्या वाढवूनही आकडा खाली यायचा सोडून वर चढला होता. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की एकदाच जेवणाऱ्या आणि गोडाला शिवत नाही म्हणणाऱ्या बाईची साखर अशी चढत नाही. मधे काहीतरी पोटात जातंय, घरात लक्ष ठेवा.

“मी गोडाचा त्याग केलाय, भरतेश,” मी म्हटलं. “मुनिमहाराजांसमोर.”

“ते ठाऊक आहे मला.”

“मग?”

“मग आकडा खोटं बोलतोय काय?”

मी डबी देव्हाऱ्यात ठेवली आणि जपमाळ घेऊन बसले. तो चपला घालून शेताकडे निघून गेला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा माझे मालक जाऊन पाचेक वर्षं झाली असतील. त्यांना साखरेनंच नेलं. आधी पायाचा अंगठा गेला, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग तेच गेले. त्यांच्या पाठोपाठ मलाही तीच साखर निघाली. आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, उसाचं. शेतावर स्वतःचं गुऱ्हाळ. हंगामात अंगणात येणारं वारंसुद्धा गोड लागायचं. अशा घरात राहून मी गोडाचा आजीवन त्याग घेतला आणि त्यासोबत रोजचं एकाशन. दिवसातून एकदा, एकाच बसणीला जेवायचं. पाणीही तेव्हाच. एकदा उठलं की दुसऱ्या दिवसापर्यंत पोटात काही जाऊ द्यायचं नाही. डॉक्टर आधी नाराज होते, पण मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी गोळ्या त्या एका जेवणाशी जुळवून दिल्या.

लोकांना वाटतं असले नेम म्हणजे देहाला कष्ट. मला तसं कधी वाटलं नाही. मालक गेल्यावर दिवस कुठून धरावा तेच कळेनासं झालं होतं. पहाटे बस्ती, मग जप, मग शास्त्राचं वाचन, मग ते एक ताट. या नेमांनी मला दिवस परत हातात दिला होता.

आता डॉक्टर म्हणत होते, दिवाळीनंतर पुन्हा तपासू. तेव्हाही असंच निघालं तर इन्सुलिन. आणि इन्सुलिन घ्यायचं तर वेळच्या वेळी खाणं आलं, म्हणजे एकाशन संपलं. ते सुटलं असतं तर मी कुठल्या दोरीला धरून उभी राहिले असते, मला ठाऊक नाही. पण त्याहून मला जे लागलं ते वेगळंच होतं. माझ्या पोटचा मुलगा मानत होता, की आई देवापुढं दिलेला शब्द मोडून चोरून खाते.

त्याच दिवशी त्यानं स्वयंपाकघरातली गुळाची ढेप उचलून शेतावरच्या खोपीत नेऊन ठेवली. माझ्यासमोर नेली नाही, मी वाचत होते तेव्हा नेली. तेवढी माया त्याच्यात होती. मग माजघरात त्याचं आणि सुनेचं बोलणं सुरू झालं. तो म्हणत होता, तू घरात असतेस, तुझं लक्ष पाहिजे.

“आत्ती खात नाहीत,” त्रिशला म्हणाली. आमच्याकडे सून सासूला आत्ती म्हणते.

“तू काय चोवीस तास तिच्या मागं असतेस?”

“असते. तुम्ही नसता.”

“मग साखर आभाळातनं पडते होय?”

“ते मला काय माहीत. पण गोड खाणाऱ्या माणसाचं जेवण वाढलेलं असतं. आत्तींचं निम्म्यावर आलंय. परवा अर्धी भाकरी पानात राहिली.”

त्यावर तो म्हणाला, की भूक मरते ती उगाच मरत नाही. मग त्याचा आवाज खाली आला. “अण्णाही असंच म्हणायचे. काही खात नाही, काही खात नाही. आणि आम्ही ऐकत बसलो.”

मी पुस्तक मिटलं. तोवर मला वाटत होतं, की त्याचा माझ्यावर विश्वास नाही. तेव्हा कळलं की तो भ्यालाय. बापाचा पाय तुकड्यातुकड्यानं गेलेला त्यानं पाहिला होता, ड्रेसिंगसुद्धा तोच करायचा. भ्यालेल्या माणसाची समजूत शब्दांनी काढता येत नाही, म्हणून मी गप्प राहिले.

श्रावण लागला. त्या वर्षी आमच्या बस्तीत आर्यिका माताजींचा, म्हणजे आमच्यातल्या साध्वींचा, चातुर्मास होता. गावात कसं उत्साहाचं वातावरण होतं. रोज सकाळी आहारासाठी कुणाच्या दारी माताजी थांबतात याची वाट बघत दहा-बारा घरं सोवळ्यात, हातात कलश घेऊन उभी असायची.

अशात एक दिवस त्रिशला गालावर हात धरून माझ्याकडे आली. दाढ दुखतेय, जयसिंगपूरला दाखवायचंय, सोबत येता काय म्हणाली. नवऱ्याला सोबत घे म्हटलं तर म्हणे, ते ट्रॅक्टरच्या मागं आहेत, आणि दातांच्या डॉक्टर बाई आहेत, तुम्हीच चला. मी जेवून, चूळ भरून, तिच्यासोबत एसटीत बसले. वाटेत ती इतकं बोलली की दाढदुखीचं माणूस एवढं बोलत नाही. पण तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

डॉक्टरांचं नाव निलोफर मुजावर. तिशीतली पोर, डोक्याला रुमाल, डोळे हसरे. तिनं त्रिशलाला खुर्चीत बसवलं, दाढेवर आरसा फिरवला आणि काही नाही म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

“आता आत्ती, तुम्ही या.”

त्रिशला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. तिच्या मानेवरूनच मला कळलं, की दाढ दुखत नव्हती. उठून जावं असं एकदा मनात आलं. पण दुसऱ्याच्या दवाखान्यात सुनेचा पाणउतारा करणं माझ्यानं झालं नसतं. मी बसले.

मुजावरबाईंनी तोंडात दिवा सोडला. एक बारीक सळी हिरडीच्या कडेनं अगदी हळू फिरवली आणि कापसाचा बोळा लावला. बोळा बाहेर आला तो लालभडक. दुसरा लावला, तोही तसाच. त्यांनी पुढचा एक दात बोटानं हलवून पाहिला. तो हलला. मला ते माहीत होतं. भाकरी आमटीत बुडवून मऊ करून खायला लागून मला बरेच दिवस झाले होते. म्हातारपण, असं मी मनाशी म्हणायचे.

“ब्रश कधी करता?” त्यांनी विचारलं.

मी पदरानं ओठ पुसले.

“सकाळी करता का रात्री?”

“नाही करत.”

“आज नाही केला?”

“करतच नाही,” मी म्हटलं. “बोट फिरवते. पाण्यानं.”

त्या मला वाकडं बोलल्या असत्या तर मी तिथंच थांबले असते. पण त्यांनी दिवा बाजूला केला, स्टूल ओढून माझ्या उंचीला बसल्या आणि विचारलं, “कुठल्या नेमामुळे का?”

तेवढं विचारलं म्हणून मी सांगितलं. आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. मालक गेल्यानंतरच्या चातुर्मासात एक दिवस महाराजांचा आहार आमच्या दारी होता. पहाटे दात घासताना हिरडीतून रक्त आलं. आमच्यात मुनींना आहार देणाऱ्यानं उच्चारायचं असतं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काय शुद्ध, आहारजल शुद्ध. अंगातून रक्त वाहतंय आणि मी काय शुद्ध म्हणणार कशी? त्या दिवशी मी मागं सरले, पुढं जाऊबाई उभ्या राहिल्या. त्यानंतर ब्रश लावला की रक्त यायचं. पूजेच्या वेळीही मन खायचं. म्हणून आधी अष्टमी-चतुर्दशीला घासणं सोडलं, मग पूजा असेल त्या दिवशी, आणि पूजा तर रोजचीच. घासणं थांबलं तसं रक्तही दिसेनासं झालं. मला वाटलं, हिरडी बरी झाली. शिवाय मनात एक समाधान होतं. मुनिमहाराजही दात घासत नाहीत. तो त्यांच्या मूळ गुणांतला, म्हणजे दीक्षेबरोबर येणाऱ्या नेमांतला, एक आहे. त्यांच्या वाटेवरचं एक पाऊल आपणही टाकतोय, असं मला वाटायचं.

मुजावरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “आमच्याकडेही रमजानात निम्मे पेशंट हेच विचारतात,” त्या म्हणाल्या. “रोजा मोडेल म्हणून महिनाभर ब्रश लावत नाहीत. माझे सासरेसुद्धा.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुमची साखर ताब्यात आहे?”

त्रिशला पहिल्यांदा कॅलेंडरवरून वळली. “नाही,” ती म्हणाली. “आणि का नाही, तेच कुणाला कळेना झालंय. घरात यांच्यावर आळ आलाय.”

बाईंनी हाताच्या दोन्ही पंज्यांनी एक वर्तुळ करून दाखवलं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हे डॉक्टर सांगतात. पण हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. दातांच्या मुळाशी इतके दिवस पू आणि सूज आहे. सगळ्या हिरड्यांची सूज एकत्र मांडली तर तळहाताएवढी जखम होईल. अशी जखम पाठीवर असती तर घरातले घाबरून धावले असते. तोंडात आहे म्हणून दिसत नाही. शरीर रात्रंदिवस त्या सुजेशी भांडत राहतं, आणि त्या भांडणात इन्सुलिनचा जोर कमी पडतो.

“म्हणजे न खाताही साखर चढते?” त्रिशलानं विचारलं.

“फक्त यानंच चढते असं नाही. पण हेही त्यात आहे. हिरड्यांच्या आतून सफाई केली तर तीन महिन्यांत थोडी उतरते. बऱ्याच जणांची. फार नाही, आणि सगळ्यांची सारखी नाही. मी शब्द देत नाही, आत्ती. आणि गोळ्या सोडायच्या नाहीत.”

शब्द देत नाही म्हणाल्या, त्यानंच मला त्यांचा भरवसा वाटला.

पण काम चार बैठकांचं होतं. सुई देऊन हिरडी बधिर करायची आणि दाताच्या मुळापर्यंत खरवडायचं. रक्त येणार, काही दिवस येत राहणार. पुढं सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश, रोज, नेमाच्या दिवशीही. मी म्हटलं, चातुर्मास संपल्यावर करू. माताजी गावात असताना मला हे जमायचं नाही. बाईंनी बोटांवर महिने मोजले. चातुर्मास संपायला दिवाळी, आणि दिवाळीनंतर तर तपासणी. मग तपासणीपर्यंत उतरायला वेळच उरत नाही. आता नाही, तर इन्सुलिन आलंच.

येताना एसटीत त्रिशला खिडकीबाहेर बघत म्हणाली, “रागावलात?”

“दाढेचं सोंग कशाला केलंस? सरळ सांगायचं.”

“काय सांगणार होते? की आत्ती, तुम्ही जवळ बसून बोलता तेव्हा…” ती थांबली. पुढचं तिला बोलता येईना, आणि मलाही ऐकायचं नव्हतं. मला आठवलं, बस्तीत बायका माझ्याशी बोलताना अर्धं पाऊल मागं सरतात. मी ते आदर समजत आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारचं सामायिक, म्हणजे ध्यान, झाल्यावर मी माताजींकडे गेले. माताजी कर्नाटकातल्या, मराठी थोडी अडखळत बोलायच्या, पण नेमकं बोलायच्या. मी सगळं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. शेवटी म्हटलं, हा नेम सोडायला लागला तर त्याचं प्रायश्चित्त द्या.

“हा नेम तुम्हाला कोणी दिला?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही. माझा मीच धरला.”

“दात न घासणं हा आमचा मूळ गुण आहे. आम्ही घर सोडलं, केस हातानं उपटले, अंथरूण सोडलं. त्यांतला तो एक. तुम्ही घरात आहात, श्राविका आहात. दुसऱ्याच्या अंगरख्याची एकच बाही घालून कुणी हिंडतं काय?”

मी म्हटलं, “रक्त यायचं, माताजी. रक्त आलं की काय शुद्ध म्हणता येईना. घासणं सोडलं तसं ते थांबलं.”

माताजींनी मोरपिसांची पिंछी मांडीवर आडवी ठेवली. “घासलं नाही, म्हणून दिसलं नाही,” त्या म्हणाल्या. “दिसलं नाही म्हणजे नव्हतं काय?”

मी इतकी वर्षं रोज सकाळी पुसून-पुसून स्वच्छ केलेली एक गोष्ट त्यांनी अलगद उलटी करून माझ्यापुढं ठेवली. शुद्ध राहावं म्हणून मी जे केलं, त्यानंच आत कुजत गेलं होतं. आणि तेच तोंड घेऊन मी रोज स्तोत्र म्हणत होते.

माताजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चूळ भरून थुंकणं म्हणजे पाणी पिणं नव्हे, एकाशनाला बाध येत नाही. उपचाराच्या दिवसांत जखम असेल तोवर आहार द्यायला उभ्या राहू नका. दुसरं कुणी उभं राहील, धर्म तुमच्यावाचून अडत नाही. आणि प्रायश्चित्त हवंच असेल तर नेम घ्या, सूर्योदयानंतर एकदा आणि सूर्यास्ताआधी एकदा दात घासण्याचा. अष्टमी असो, चतुर्दशी असो.

मी हात जोडले आणि नेम घेतला. असा नेम घेणारी त्या बस्तीत मी पहिलीच असेन.

मग जयसिंगपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. भरतेशला मी काही सांगितलं नाही, आणि त्रिशलालाही सांगू नकोस म्हटलं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मुलापुढं तोंडाच्या दुर्गंधीचं बोलायला माझी जीभ उचलेना. तो विचारायचा, सारखं कुठं जाता? त्रिशला म्हणायची, माझी दाढ. एकदा त्यानं विचारलं, तुला दाढा तरी किती आहेत? मुजावरबाई मात्र खूश होत्या. जेवून यायचं आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही खायचंच नाही, असा पेशंट मला कुठं मिळतो, म्हणायच्या.

तिसरी बैठक झाली आणि दुसऱ्याच दिवशी माताजी आमच्या दाराशी थांबल्या.

त्या सकाळी मी सोवळ्यातच होते, पण कलश त्रिशलाच्या हातात दिला होता. गल्लीतल्या बायका, भरतेश, त्याचे चुलते, सगळे बघत होते. मालक गेल्यापासून, तो एक दिवस सोडला तर, आमच्या घरचा कलश कायम माझ्या हातात असायचा. माताजी थांबल्या, त्रिशलानं प्रदक्षिणा घातली आणि तिचा कोवळा आवाज आला, मन शुद्ध, वचन शुद्ध, काय शुद्ध. मी मागं, दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. जिभेला हिरडीतल्या रक्ताची खारट चव लागत होती. कुणीतरी कुजबुजलं, राजमतीकाकी मागं का? दुसरी म्हणाली, असेल काहीतरी.

आहार निर्विघ्न झाला. माणसं पांगली. मी परसात भांडी आवरत होते तिथं भरतेश आला. हौदाच्या कडेला टेकून उभा राहिला.

“बरं केलंस,” तो म्हणाला.

“काय?”

“मागं राहिलीस ते. नेम मोडल्यावर काय शुद्ध म्हणणं तुझ्यानं झालं नसतं, मला माहीत होतं. घरात नाही सांगितलंस, पण देवापुढं खरं वागलीस. मला तेवढं पुरे, आई. आता मी विचारणार नाही.”

तो मला माफ करत होता. इतक्या मायेनं, की ओरडला असता तर बरं झालं असतं असं मला पुन्हा वाटलं. माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. जन्मात कधी मी कुणापुढं स्वतःची बाजू मांडली नाही. मालकांपुढंही नाही. गप्प राहिलं की कालांतरानं खरं वर येतं, असं मी मानायचे. पण त्या दिवशी मी गप्प राहिले असते, तर माझं गप्प राहणंच खोटं ठरलं असतं.

“इकडं ये,” मी म्हटलं. “उजेडात.”

तो आला. मी पदर बाजूला केला, दोन बोटांनी खालचा ओठ ओढून धरला आणि तोंड उघडलं.

तो वाकून बघत राहिला. सुजलेल्या हिरड्या, सफाईनंतर उघडी पडलेली दातांची मुळं, कडेला साकळलेलं रक्त. मी ओठ सोडला आणि त्याला सगळं सांगितलं. ब्रशचं, रक्ताचं, माताजींचं, मुजावरबाईंचं. त्रिशलाच्या दाढेचंही सांगितलं. बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण मधे थांबले नाही.

“मी मागं राहिले ते या रक्तापायी,” मी म्हटलं. “गूळ मी चाखलेला नाही. तुझे अण्णा गेले त्या दिवसापासून नाही.”

तो हौदाच्या कडेवर बसला. हातानं उगाच पाणी हलवत राहिला.

“अण्णांचे असेच होते,” तो शेवटी म्हणाला. “दात. पाय जायच्या आधी एकेक करून पडले सगळे. कवळी लावून घ्या म्हणून मी चेष्टा करायचो.”

मला ते आठवत होतं. आम्ही सगळेच हसायचो. तेही हसायचे, बोळक्या तोंडानं. ते दात आणि तो पाय यांचा एकमेकांशी काही संबंध होता की नव्हता, कोण सांगणार? आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही.

संध्याकाळी मी दात घासून आत आले तेव्हा गुळाची ढेप स्वयंपाकघरात तिच्या जागेवर होती. त्यावर फडकंही नीट झाकलेलं होतं. चौथ्या बैठकीला जयसिंगपूरला मला भरतेशच गाडीवरून घेऊन गेला.

दिवाळी झाली. रक्त दिलं, आणि दोन दिवसांनी निकाल आणायला भरतेश गेला. मी साडेअकराला पाटावर बसले. त्रिशलानं वाढलं, ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी. हिरड्या आता इतक्या आवळल्या होत्या, की भाकरी कोरडी चावता येत होती. मी पहिला घास घेतला आणि गाडीचा आवाज आला.

भरतेश आत आला. हातपाय धुऊन माझ्यासमोर भिंतीला टेकून बसला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, जेव. मी विचारलं, काय आलं? तो म्हणाला, “आधी जेव, आई.”

मला कळून चुकलं. वाईट असल्याशिवाय माणूस असं बोलत नाही. हे शेवटच्या काही एकाशनांतलं एक, असं मनाशी म्हणत मी खात राहिले. घास गिळताना मनात णमोकार मंत्र म्हणत होते. त्यानं त्रिशलाला खूण केली, तिनं अर्धी भाकरी आणखी वाढली, मी तीही खाल्ली. पाणी प्यायले. ताटावर हात धुतला. चूळ भरून, उठून, परत आले तेव्हा तो तिथंच बसला होता.

“आठ पॉइंट सात,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, अजून पुष्कळ खाली यायला पाहिजे. भात कमी करायचा, रोज चालायचं. पण इन्सुलिन एवढ्यात नको. हिरड्यांचं सांगितलं तर म्हणाले, आमच्या डोक्यातच आलं नाही.”

मी पाटाशेजारी खाली बसले.

“मग आल्या-आल्या का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर ताट सोडून देव्हाऱ्यापुढं पळाली असतीस. आणि एकदा उठलीस की दिवसभर उपाशी.” तो जमिनीकडे बघत होता. “आणि आकडा कितीही आला असता, आई, तरी मी तुला आता विचारणार नव्हतो.”

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हसला. हसताना मी त्याच्या दातांकडे पाहिलं, माजघराच्या दारातून उजेड सरळ त्याच्या तोंडावर पडला होता. खालच्या हिरडीची कड लालसर, फुगीर.

“उद्या काय काम आहे तुला?” मी विचारलं.

“हंगामाची पहिली मोळी टाकायचीय. गुऱ्हाळ पेटवायचंय. का?”

“गुऱ्हाळ परवा पेटव. उद्या जयसिंगपूरला जायचं, मुजावरबाईंकडे.”

“मला काय झालंय?”

“मी काही म्हणत नाही,” मी म्हटलं. “त्या बघतील.”

तो त्रिशलाकडे बघू लागला, तिनं काहीतरी आपल्या बाजूनं बोलावं म्हणून. ती माझं ताट उचलत होती.

“जावा की,” ती म्हणाली. “सोबत पाहिजे तर मी येते. माझी दाढ दुखतेयच.”